माफ करण्याचा अधिकार कोणाचा?

हजला निघालेला माणूस आपल्याकडे एक रिवाज सहसा चुकवत नाही. निघण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस तो घरोघर फिरतो. भावकीत जातो, शेजाऱ्यांकडे जातो, वाटणीवरून किंवा बांधावरून ज्याच्याशी वर्षानुवर्षे बोलणे बंद आहे त्याच्याही उंबऱ्यावर उभा राहतो आणि म्हणतो, 'कहासुना माफ करा.' कोणाचे देणे राहिले असेल तर ते फेडतो. लहानपणी मला याचे नवल वाटे. जो प्रत्यक्ष अल्लाहच्या घरी चालला आहे, त्याने माणसांच्या दारात माफी मागत का हिंडावे? तिथे गेल्यावर सारे गुन्हे धुऊन निघणारच आहेत ना?

उत्तर पुढे मदरशात मिळाले. हक्क दोन प्रकारचे असतात. एक हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे माणसावरचे हक्क. नमाज चुकली, रोजा राहिला, तर मामला बंदा आणि त्याचा निर्माता यांच्यातला. तो दयाळू आहे, माफ करील. दुसरे हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. कोणाचा पैसा बुडवला, कोणाची अब्रू घेतली, कोणाचे रक्त सांडले, तर त्या माणसाचा हक्क त्याच माणसाने सोडला पाहिजे. प्रेषितांनी (स.) खरा दिवाळखोर कोण ते सांगितले, ती हदीस आपण अनेकदा ऐकली आहे. कयामतच्या दिवशी एक माणूस नमाज-रोजांचे गाठोडे घेऊन येईल, पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. त्याच्या नेक्या एकेका पीडिताला वाटून दिल्या जातील, त्या संपल्या की पीडितांचे गुन्हे त्याच्या माथी मारले जातील. या विचाराचा गाभा एवढाच की, पीडिताच्या वतीने माफ करण्याचा अधिकार दुसऱ्या कोणालाही नाही.

एक जुलूम करणारा आणि एक सोसणारा असेल तोवर हे तत्त्व सोपे वाटते. पण सोसणारे लाखो असले, करणारी एक कंपनी असली, आणि दोघांच्या मध्ये सरकार, न्यायालय, वकील व कायद्याची कलमे उभी असली, तर? तेव्हा माफ कोण करतो? कोणाच्या नावाने करतो? आधुनिक काळातल्या आपत्तींनी, युद्धांनी आणि सरकारी धोरणांनी हा प्रश्न पुनःपुन्हा उभा केला आहे. आपल्या देशात तो सर्वांत उघडपणे उभा राहिला भोपाळमध्ये. म्हणून आपण भोपाळचाच विचार करू.

रात्र आणि तिच्याआधीचे दिवस

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुमारे ४० टन बाहेर पडला. जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला, चांदबड या कारखान्यालगतच्या गरीब वस्त्यांत लोक झोपेतून खोकत उठले आणि वाट फुटेल तिकडे पळत सुटले. जे पळू शकले नाहीत ते मेले, आणि पळणाऱ्यांतलेही अनेक वाटेतच पडले. सरकारने सुरुवातीला मृतांचा आकडा २,२५९ सांगितला. पुढे भरपाईच्या वेळी ५,२९५ मृत्यू मान्य झाले. पीडितांच्या संघटना हा आकडा याच्या कितीतरी पट सांगतात.

याला आपण अपघात म्हणायचे का? टाकी थंड ठेवणारी शीतकरण यंत्रणा त्या वर्षीच्या जूनपासून बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा नळ दुरुस्तीसाठी काढलेला होता. वायू धुऊन निर्विष करणारे यंत्र कामावर नव्हते. कारखाना तोट्यात होता आणि काटकसरीसाठी माणसे कमी केली होती. डिसेंबर १९८१ मध्ये मोहम्मद अशरफ खान हा कामगार याच कारखान्यात फॉस्जीन वायूने मेला होता. राजकुमार केसवानी नावाचा पत्रकार १९८२ पासून लिहीत होता की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे. कोणी ऐकले नाही.

अशा वेळी आपल्या समाजात एक वाक्य फार लवकर ओठांवर येते, 'अल्लाहची मर्जी.' ज्याचे माणूस गेले त्याने ते म्हणावे, त्याच्या सबुरीला त्याचा आधार आहे. पण ज्याने शीतकरण बंद केले त्याच्या वतीने ते म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना तिथे प्लेग पसरल्याची खबर आली. ते मागे फिरले. तकदीरपासून पळता काय, असे त्यांना विचारले गेले. अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहे, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. तकदीर मानणाऱ्या माणसाने खबरदारी सोडायची नसते. कसुराला तकदीर म्हणणे हीदेखील एक माफीच आहे. तीही दुसऱ्याच्या खिशातली, न विचारता दिलेली.

पालक झालेले सरकार

आपत्तीनंतर काही दिवसांतच अमेरिकेतले वकील भोपाळमध्ये उतरले. अडाणी, आजारी माणसांचे अंगठे घेऊन ते दावे गोळा करू लागले. हे थांबवायला हवे होते, यात शंका नाही. १९८५ मध्ये भारत सरकारने कायदा केला आणि सर्व पीडितांच्या वतीने दावा करण्याचा अधिकार फक्त स्वतःकडे घेतला. कायद्याच्या भाषेत सरकार या लोकांचे पालक झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर वली झाले.

विचार वाईट नव्हता. हातगाडी ओढणारा, विडी वळणारी, फुप्फुसे जळालेली माणसे जगातल्या बलाढ्य कंपनीशी एकेकटी काय लढणार? पण वली होण्याची एक अट असते. वलीचा स्वतःचा हितसंबंध मध्ये नसावा. इथे तर कारखान्याला परवाना देणारे सरकार, तपासणी करणारे सरकार आणि भारतीय कंपनीच्या भागांतला काही हिस्सा सरकारी वित्तसंस्थांचा. यतीमच्या मालाचा रखवालदार त्याच मालाच्या वादात पक्षकार असेल, तर काझी त्याला वली राहू देईल काय?

सरकारने ३३० कोटी डॉलर मागितले होते. अमेरिकेच्या न्यायालयाने १९८६ मध्ये खटला भारतात पाठवला. पाच वर्षांच्या आत, १९८९ च्या फेब्रुवारीत, सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली. रक्कम ४७ कोटी डॉलर, त्या वेळचे सुमारे ७१५ कोटी रुपये. मागणीच्या सातव्या भागाहूनही कमी. त्याबरोबर दिवाणी दावे तर मिटलेच, पण फौजदारी खटलेही रद्द झाले. म्हणजे पैसे घेतले गेले आणि गुन्हाही माफ झाला. ज्यांचा गुन्हा झाला होता त्यांना कोणी विचारले नाही. अनेकांना ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून कळले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ चा कायदा वैध ठरवला. पीडितांचे म्हणणे तडजोडीपूर्वी ऐकायला हवे होते, हे न्यायालयाने मान्य केले. पण मोठे हित साधताना कधी थोडी चूक चालवून घ्यावी लागते, अशा आशयाचे त्याने लिहिले. माझ्या मते सारा प्रश्न या 'थोड्या' चुकीत आहे. विचारायचे राहून गेले ही बाब थोडी नसते. हजला निघालेल्या माणसाने सगळी कर्जे फेडली, पण ज्याला दुखावले त्याच्या दारात तो गेलाच नाही, तर त्याला आपण काय म्हणू?

३ ऑक्टोबर १९९१ रोजी फेरविचारात न्यायालयाने फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. रक्कम मात्र तीच ठेवली. ती कमी पडली तर तूट केंद्र सरकारने भरावी, असेही सांगितले. त्या खटल्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. १९९६ मध्ये आरोप सौम्य होऊन निष्काळजीपणापुरता उरला. ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनी, भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीन मिळाला. मूळ कंपनीचा अध्यक्ष वॉरेन अँडरसन ७ डिसेंबर १९८४ रोजी भोपाळमध्ये अटक होऊन सुटला, तो पुन्हा आला नाही आणि २०१४ मध्ये अमेरिकेत मरण पावला.

दियत आणि माफी

आपल्या परंपरेत रक्ताचा मोबदला घेणे गैर नाही. चुकून झालेल्या हत्येसाठी कुरआनने दियत सांगितली आहे. पण ती कोणाला द्यायची? मृताच्या घरच्यांना. ती सोडून द्यायची झाली तर कोणी सोडायची? त्याच घरच्यांनी, आपल्या खुशीने, सदका म्हणून. जाणूनबुजून केलेल्या हत्येतही वारसाला माफीचा मार्ग खुला ठेवला आहे आणि माफ करणे हे उत्तम मानले आहे. मात्र पैसा आणि माफी हे दोन्ही ज्याच्या हातात ठेवले आहेत तो माणूस ठरलेला आहे. तो हात दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही.

मग ज्याचा कोणी वारसच नाही, त्याचे काय? भोपाळच्या त्या सकाळचे एक छायाचित्र जगभर गेले. रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही ते दृश्य टिपले आहे. खड्ड्यात ठेवलेले एक लहान मूल, डोळे उघडे, आणि चेहऱ्यावरची माती बाजूला करणारा एक हात. त्या मुलाचे नाव कोणाला कळले नाही. त्याचा दावा कोणी दाखल केला असेल? त्याच्या नावाची दियत कोणी घेतली असेल? कदाचित आई-बाप त्याच रात्री गेले असतील. अशा मुलाचा वली कोण?

फिकहने या प्रश्नाचा विचार शेकडो वर्षांपूर्वी केला आहे. ज्याला वली नाही त्याचा वली हाकिम, म्हणजे राज्यकर्ता. हनफी फुकहा पुढे जाऊन सांगतात की असा हाकिम किसास मागू शकतो, दियतीवर तडजोड करू शकतो, पण फुकट माफी देऊ शकत नाही. कारण तो हक्क त्याच्या मालकीचा नाही, तो त्याच्याकडे अमानत आहे. अमानत जपायची असते, ती दान करायची नसते. हजरत उस्मान (रजि.) खलिफा झाले तेव्हा हुर्मुझानच्या हत्येचा मामला त्यांच्यापुढे आला. तवारीखमध्ये एक रिवायत अशी येते की त्यांनी मृताचा वली म्हणून दियत ठरवली आणि ती स्वतःच्या मालातून भरली. त्या निर्णयाबद्दल तेव्हाही मतभेद होते. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. वली म्हणून ज्याने सवलत दिली, त्याने तिची किंमत स्वतः मोजली.

इथे कोणी म्हणेल की भारताच्या न्यायालयात फिकहचे काय काम? माझे तसे म्हणणेच नाही. भोपाळचे पीडित हिंदू होते, मुसलमान होते, शीख-ख्रिस्ती होते. देशाचा कायदा सर्वांना एकच असावा आणि आहे. मी फक्त नैतिक कसोटीबद्दल बोलतो आहे. ती कसोटी एखाद्या भटजीला, पाद्र्याला किंवा धर्म न मानणाऱ्या माणसालाही पटण्यासारखी आहे. पालकाने पाल्याचा हक्क मागावा, त्याच्या वतीने घ्यावा, सांभाळावा. सोडू नये. सोडायचाच असेल तर तोटा स्वतः भरावा.

या कसोटीवर भोपाळची तडजोड घासून पाहा. तडजोडीच्या वेळी सुमारे ३,००० मृत्यू धरले होते. शेवटी भरपाई द्यावी लागली ती सुमारे ५ लाख ७४ हजार जणांना. ७१५ कोटींचा सरळ भागाकार केला तर माणशी साडेबारा हजार रुपयेही येत नाहीत. रक्कम डॉलरमध्ये ठेवल्याने आणि व्याजामुळे वाढली, म्हणून बहुतेक जखमींच्या हातात २५,००० रुपये पडले, आणि २००४ च्या आदेशानंतर तेवढेच पुन्हा. दरमहा मिळणारी २०० रुपयांची अंतरिम मदतही भरपाईतून वजा झाली. तूट भरण्याची वेळ आली तेव्हा सरकारने २०१० मध्ये कंपनीकडेच आणखी पैसे मागणारी याचिका केली. १४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती फेटाळली. पुढे आजारी पडणाऱ्यांसाठी विमा उतरवा, असे १९९१ मध्ये सांगितले होते. तो विमा सरकारने उतरवलाच नाही, यावरही न्यायालयाने बोट ठेवले. वलीने सवलत दिली, पण किंमत मोजली पाल्याने.

दुसरी बाजू

या तडजोडीच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, ते टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. खटला वीस वर्षे चालला असता तर दम्याने खोकणाऱ्या माणसाने तोवर औषध कशाने आणले असते? भुकेल्या माणसाला न्यायाआधी भाकरी लागते. थोडे पण लवकर, हे सूत्र गरिबांच्या बाजूचे असू शकते. मी ते मान्य करतो. पण भोपाळमध्ये थोडे मिळाले आणि उशिराही मिळाले. भरपाईचे वाटप १९९२ मध्ये सुरू झाले. आणि भाकरीसाठी गुन्हा माफ करण्याची गरज काय होती? पैसे आज घ्या आणि खटला चालू ठेवा, हा मार्ग खुला होता. १९९१ च्या निकालाने तो खुला होता हेच सिद्ध केले.

शिवाय भोपाळच्या लोकांनी स्वतः काय मागितले तेही पाहावे. अब्दुल जब्बार यांनी गॅसपीडित स्त्रियांची संघटना उभी केली आणि २०१९ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत चालवली. खैरात नको, काम हवे, हा त्यांचा आग्रह होता. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ल या दोघी स्टेशनरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाया. एक बुरख्यातली, एक पदरातली. १९८९ मध्ये त्या इतर बायांसह भोपाळहून दिल्लीला चालत गेल्या. २००४ मध्ये त्यांना पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला आणि त्या पैशातून त्यांनी व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट काढला. या बायकांना आपला हक्क कळत नव्हता, म्हणून कोणी तरी त्यांच्या वतीने तो सोडणे भाग होते, असे कोण म्हणेल?

न विचारण्याची सवय तिथेच थांबली नाही. कारखान्यात पडून राहिलेला विषारी कचरा नागपूरजवळ आणून जाळावा, असे २०११ मध्ये ठरत होते. महाराष्ट्राने नकार दिला. आपल्याला बरे वाटले. अखेर जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला नेला गेला. तिथल्या लोकांनी विरोध केला, दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. त्या वर्षीच्या जूनअखेर तो जाळून झाला. तो सुरक्षितपणे जळाला असेलही. पण लोकांना विचारून, समजावून नेणे आणि पहाटे पोलिसांच्या पहाऱ्यात नेणे यांत फरक आहे. नागपूरला नकार देता आला, कारण त्याच्या पाठीशी एक सरकार उभे होते. पिथमपूरच्या पाठीशी कोण होते?

आपल्या घरात

हे सारे सरकारला आणि कंपनीला सुनावून आपण मोकळे झालो तर या लेखाचा उपयोग नाही. दुसऱ्याच्या वतीने माफी वाटण्याची सवय आपल्या घरातही आहे.

नवरा मरतो. मय्यत अंगणात ठेवलेली असते. खांदेकरी उभे असतात. अशा वेळी चार वडीलधाऱ्या बाया त्या विधवेला दंडाला धरून आणतात आणि सांगतात, 'मेहर माफ केली म्हण.' तिला रडू आवरत नसते. ती मान हलवते. सगळे सुटकेचा श्वास टाकतात, मय्यत उचलली जाते. मेहर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. वाटणीपूर्वी ते त्याच्या मालमत्तेतून फेडले पाहिजे, हे प्रत्येक मौलवी जाणतो. घर आहे, जमीन आहे, मोठे दीर आहेत, तरी फेडण्याचे नाव निघत नाही. त्या क्षणी घेतलेली ती मान हलवणूक म्हणजे माफी आहे काय? भोपाळच्या माणसाचा अंगठा आणि या बाईची मान यांत मला फार अंतर दिसत नाही.

तलाकच्या तंट्यात जमातीची बैठक बसते. बैठकीत मुलगी नसते, तिचे वडील आणि काका असतात. ते जमातीच्या इज्जतीसाठी तिची पोटगी सोडून देतात. दंगलीनंतर अमन कमिटी बसते. ज्याचे दुकान जळाले तो बाहेर उभा असतो, ज्यांचे जळाले नाही ते आत बसून म्हणतात, झाले गेले विसरून जा. सलोखा हवाच. माफीसारखी मोठी गोष्ट नाही, हे आपला धर्म शिकवतो. पण स्वतःचे जळालेले असताना जो माफ करतो तोच मोठा. दुसऱ्याचे जळालेले माफ करण्यात कसला मोठेपणा?

भोपाळच्या इज्तेमाला महाराष्ट्रातून दरवर्षी गाड्या भरून माणसे जातात. जाणाऱ्यांनी एकदा छोल्याच्या किंवा काझी कॅम्पच्या गल्लीतही जावे. आज तिथे साठीच्या पुढे असलेली माणसे त्या रात्री विशीत होती. त्यांना विचारावे, तुमच्या दारात या चाळीस वर्षांत माफी मागायला कोणी आले का? कंपनीचा माणूस आला का, सरकारचा आला का? पैशाचे सोडा, नुसते 'कहासुना माफ करा' म्हणायला तरी?

कोणी आले असते तर त्यांनी माफ केलेही असते. गरीब माणूस सहसा माफ करतो. पण ते त्यांना विचारायचे राहून गेले, आणि तो हक्क अजून त्यांचाच आहे. त्या नाव नसलेल्या मुलाचाही. तो तडजोडीत मिटलेला नाही. आपण तो आपल्या बाजूने मिटवू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.